कान्होजी आंग्रे: ताराबाईंचा सरखेल शाहूंच्या बाजूला कसा गेला?

सन 1713. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या पेशव्यालाच फौज देऊन घाटाकडे पाठवलं. हे पेशवे म्हणजे बहिरोपंत पिंगळे. समोर होता कोल्हापूरकर ताराबाईंच्या आरमाराचा प्रमुख. दर्यावर्दी माणूस, तो घाटावर येऊन किती लढणार, असा कुणाचा अंदाज असेल तर तो साफ चुकला. पेशव्यांचा पराभव झाला आणि ते कैद झाले. लोहगड, राजमाची हे घाटमाथ्यावरचे किल्ले आरमारवाल्यांच्या हाती गेले. आता हा माणूस थेट साताऱ्यावर चालून येणार, अशी बातमी पसरली.

पण तसं घडलं नाही. जिंकत असलेल्या या माणसाने काही महिन्यांतच बाजू बदलली. ताराबाईंचा पक्ष सोडून तो शाहूंचा झाला आणि कैदेतल्या पेशव्यांना त्याने सोडून दिलं.

त्याचं नाव कान्होजी आंग्रे. मुंबईच्या इंग्रजांनी समुद्री चाचा म्हणून हिणवलेला आणि मराठी मुलुखाने सरखेल म्हणून डोक्यावर घेतलेला हा माणूस. त्याच्या समुद्रावरच्या लढायांबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय जमिनीवर झाला होता. तो का झाला आणि त्यातून काय निघालं, हे समजून घेऊया.

सुवर्णदुर्गावरचा मुलगा

कान्होजींचा जन्म साधारण 1669 चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झालं. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे कान्होजींचं बालपण समुद्राच्या सोबतीने गेलं. भरती-ओहोटी, वारे, खडक, खाड्या यांचं ज्ञान त्यांना लहानपणापासून मिळालं. कोळी, भंडारी अशा दर्यावर्दी जातींच्या लोकांत ते वाढले. पुढे याच लोकांच्या जोरावर त्यांचं आरमार उभं राहिलं.

सुवर्णदुर्गाबद्दलची एक कथा नेहमी सांगितली जाते. जंजिऱ्याच्या सिद्दीने किल्ल्याला वेढा दिला होता आणि किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी किल्लेदारालाच कैद केलं आणि किल्ला लढवला. कथेतला तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण सुवर्णदुर्ग राहिला आणि कान्होजींचं नाव वर आलं, हे मात्र खरं.

तो काळ मराठी राज्यासाठी फार वाईट होता. 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना पकडून औरंगजेबाच्या छावणीत नेण्यात आलं. ही छावणी होती भीमेच्या काठी पेडगावच्या बहादूरगडावर. नदीच्या अलीकडे आजचा दौंड तालुका लागतो. तिथून त्यांना भीमा-इंद्रायणीच्या संगमाकडे नेलं गेलं आणि 11 मार्च 1689 रोजी त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे त्यांची समाधी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला निसटले.

राजाच इतका दूर गेल्यावर कोकण किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना मदत कुठून येणार? ज्याने त्याने आपापल्या जागी लढायचं, अशी वेळ आली होती. कान्होजी याच परिस्थितीत घडले. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर 1698 च्या सुमारास वारले आणि आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख. हा किताब त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला.

एकाच गादीचे दोन वारस

मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, शिवाजीला गादीवर बसवलं आणि स्वतः कारभार हाती घेतला. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. कान्होजी या काळात त्यांचेच सरखेल होते. किनाऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर होती.

मार्च 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी उत्तरेकडे निघाला. वाटेत त्याने शाहूंना सोडून दिलं. त्यामागचा हिशेब उघड होता. शाहू परत गेले की मराठे आपापसांत भांडतील आणि मोगलांच्या पाठीमागचा त्रास कमी होईल.

हिशेब बरोबर ठरला. शाहूंचं म्हणणं होतं की आपण थोरल्या शाखेचे आहोत, संभाजी महाराजांचे पुत्र आहोत, तेव्हा गादी आपली. ताराबाईंचं म्हणणं होतं की शिवाजी महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेलं. नंतर ते राजाराम महाराजांनी आणि आम्ही लढून परत उभं केलं, त्यामुळे त्यावर शाहूंचा हक्क पोहोचत नाही. दोन्ही बाजूंकडे शिवाजी महाराजांचंच रक्त होतं. म्हणूनच सरदारांना निवड करणं अवघड गेलं.

भीमेच्या काठी पहिला फैसला

या यादवीचा पहिला मोठा फैसला पुणे जिल्ह्यातच झाला. शाहू खानदेशातून नगरकडे आले. नगरहून खेडकडे जायचं तर घोडनदी ओलांडावीच लागते. आज शिरूर तालुक्याची उत्तरेची हद्द ज्या घोडनदीने आखली आहे, तीच ही नदी. पुढे भीमेच्या काठी खेडजवळ, म्हणजे आजच्या राजगुरुनगरच्या परिसरात, ऑक्टोबर 1707 मध्ये दोन्ही फौजा समोरासमोर आल्या.

ताराबाईंच्या फौजेचे सेनापती होते धनाजी जाधव. ऐन लढाईत त्यांनी जोर लावलाच नाही आणि मग ते शाहूंना जाऊन मिळाले. शाहू खरे की तोतया, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती, असं सांगतात. एकटे पडलेले परशुरामपंत प्रतिनिधी मागे हटले. ही बोलणी घडवून आणण्यात धनाजींच्या हाताखालचा एक हुशार कारकून होता. त्याचं नाव बाळाजी विश्वनाथ भट.

जानेवारी 1708 मध्ये शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याला आपलं ठाणं केलं. एकाच राज्याच्या दोन राजधान्या झाल्या.

पण यादवी तिथे संपली नाही. सरदार इकडून तिकडे जात राहिले. धनाजी वारल्यावर त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. 1711 मध्ये बाळाजींशी त्याचं बिनसलं आणि तो शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला. नंतर तो निजामाकडे गेला. पुण्याच्या पूर्वेकडे, आज दौंड, बारामती, इंदापूर असे तालुके आहेत त्या पट्ट्यात, हिंगणगावच्या दमाजी थोराताने आपलं बस्तान बसवलं होतं. तो कोल्हापूरकरांचं नाव घेई आणि गावोगावी स्वतःसाठी वसुली करी. त्याने बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन बाळाजींना भेटीला बोलावलं आणि शपथ मोडून त्यांना कुटुंबासह कैद केलं. शाहूंना खंडणी भरून त्यांची सुटका करावी लागली.

म्हणजे भीमेच्या खोऱ्यातल्या साध्या रयतेसाठी या भांडणाचा अर्थ असा होता की वसुलीला कोण कुणाच्या नावाने येईल याचा भरवसा नाही. चौथाई एकाला द्यायची की दोघांना, हाही प्रश्न होताच. या गोंधळात शाहूंचं राज्य कसंबसं तग धरून होतं. आणि नेमक्या अशा वेळी कान्होजी घाटावर चढून आले.

समुद्रावर कान्होजींची ताकद किती होती?

कान्होजींचा धसका का होता, हे कळायला त्यांचं आरमार कसं होतं ते पाहावं लागेल.

त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची लढाऊ जहाजं होती. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या बाजूला तोफा असलेलं मोठं जहाज. गलबत म्हणजे हलकं, वल्ह्यांवरही चालणारं जहाज. युरोपीय जहाजं मोठी होती, त्यांच्या तोफाही जास्त होत्या. पण वारा पडला की ती जागच्या जागी अडकत. कान्होजींची गलबतं अशा वेळी वल्ही मारत, गुराबांना दोर लावून ओढत शत्रूच्या मागच्या बाजूने येत. जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कडांना असतात, मागे कमी असतात. तिथून डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, जहाज लंगडं करायचं आणि मग चहूबाजूंनी चढून जायचं, ही त्यांची पद्धत. मोठं जहाज पाठलागाला आलंच तर गलबतं उथळ खाडीत शिरत आणि किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला जात.

दुसरी गोष्ट दस्तकाची. या किनाऱ्यावरचा समुद्र मराठी राज्याचा आहे, तेव्हा इथून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आमचा परवाना घ्यावा, असं कान्होजींचं म्हणणं होतं. हा परवाना म्हणजे दस्तक. तो नसेल तर जहाज पकडलं जाई. पोर्तुगीज दोनशे वर्षं याच समुद्रात हाच उद्योग करत आले होते. इंग्रज कंपनीही आपले परवाने देत होती. मात्र एका मराठी सरदाराने तोच हक्क सांगितला तेव्हा त्याला चाचेगिरी म्हटलं गेलं.

नोव्हेंबर 1712 मध्ये तर कान्होजींच्या माणसांनी मुंबईचे गव्हर्नर विल्यम आयस्लबी यांचं खासगी जहाजच पकडलं. सोबतच्या दुसऱ्या जहाजावर कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. तो लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आलं. 1713 च्या सुरुवातीला इंग्रजांनी कान्होजींशी तह केला.

हा तह पुढच्या घटनांसाठी महत्त्वाचा ठरला. समुद्राकडची बाजू काही काळ शांत झाली आणि कान्होजींना घाटाकडे वळायला सवड मिळाली.

वळवणची भेट

बहिरोपंत कैद झाले तेव्हा शाहूंपुढे पर्याय फार नव्हते. मोठी फौज नव्हती आणि असती तरी समुद्रावर तिचा उपयोग शून्य होता. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पुढे केलं. बाळाजींनी पेशवेपदाची मागणी केली. राजाच्या वतीने करार करायचा तर तेवढा अधिकार हवा, हे त्यामागचं कारण. नोव्हेंबर 1713 मध्ये त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. हा समारंभ झाला मांजरीला, पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं तेच हे मांजरी.

बाळाजी फौज घेऊन निघाले खरे, पण त्यांचा भर लढण्यावर नव्हता. ते मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना कोकण सोडावं लागलं होतं. किनाऱ्यावरचं राजकारण त्यांना आतून माहीत होतं आणि कान्होजींशी जुनी ओळख होती. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना दोघेही मानत. त्यांनी आधी पत्रं लिहिली, मग लोणावळ्याजवळच्या वळवणला दोघांची भेट झाली. पुढची बोलणी अलिबागजवळच्या कुलाब्याच्या किल्ल्यात झाली आणि फेब्रुवारी 1714 मध्ये तह ठरला.

तहाची मुख्य कलमं अशी होती:

- कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा आणि शाहूंना छत्रपती मानावं.
- कैदेतल्या बहिरोपंतांची सुटका करावी.
- घाटावर जिंकलेली ठाणी परत द्यावीत, मात्र राजमाची कान्होजींकडेच राहील.
- कान्होजींकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी, त्यांच्या मुलुखासह राहतील. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे त्यातले महत्त्वाचे.
- आरमाराचं प्रमुखपद, सरखेल आणि वजारतमाब हे किताब कायम राहतील.

यातली काही ठाणी प्रत्यक्षात सिद्दीच्या ताब्यात होती. ती मिळवून देण्यासाठी बाळाजींनी कान्होजींच्या बरोबरीने सिद्दीवर मोहीम केली आणि त्याला नमवलं. तह कागदावर राहिला नाही, हे कान्होजींना लगेच दिसलं.

कान्होजींनी बाजू का बदलली?

ही स्वार्थाची गोष्ट होती की राज्याच्या हिताची? थोडं खोलात गेलं तर दोन्ही गोष्टी दिसतात.

पहिली बाजू स्वार्थाची. जिंकणारा माणूस तह करतो तेव्हा त्याला मोठी किंमत मिळते. कान्होजींना पुष्कळ मिळालं. किनाऱ्यावर ते जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश झाले. शाहूंनी त्यांच्याकडून मुख्यतः निष्ठेची कबुली घेतली, मुलूख नाही.

दुसरी बाजू कोल्हापूरच्या स्थितीची. ताराबाई कर्तबगार होत्या, पण त्यांचा पक्ष पोखरत चालला होता. खुद्द त्यांच्या दरबारात दुफळी होती. 1714 मध्येच कोल्हापुरात सत्तापालट झाला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. ज्यांच्यासाठी कान्होजी लढत होते, त्यांची सत्ताच उरली नाही.

तिसरी बाजू सर्वांत महत्त्वाची, आणि ती नकाशा पाहिल्यावर कळते. कान्होजींचा मुलूख म्हणजे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली चिंचोळी पट्टी. उत्तरेला मुंबईत इंग्रज. चौल आणि वसईला पोर्तुगीज. मधोमध जंजिऱ्याला सिद्दी. दक्षिणेला गोव्यात पुन्हा पोर्तुगीज. समोरून येणाऱ्या शत्रूशी आरमार लढू शकत होतं. पण शत्रू जमिनीवर उतरला तर? किंवा घाटावरूनच कुणी पाठीत वार केला तर? पाठीमागचा देश शत्रूचा असेल तर किनारा फार काळ राखता येत नाही. खेडच्या लढाईनंतर पुणे, भीमेचं खोरं, सातारा या भागात हळूहळू शाहूंचं वजन वाढत होतं. घाटावरची घोडदळं ज्याच्या हाती, तोच कुलाब्याचा शेजारी.

शाहूंच्या बाजूनेही गणित तेच होतं. त्यांच्याकडे घोडी होती, जहाजं नव्हती. कान्होजींकडे जहाजं होती, घोडी कमी होती. दोघांचं भांडण चालू राहिलं असतं तर फायदा सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीजांचा होता.

मग याला फितुरी म्हणायचं का? त्या काळात सरदाराची निष्ठा एका व्यक्तीला असे तशी गादीलाही असे. इथे दोन्ही गाद्या शिवाजी महाराजांच्याच घराण्याच्या होत्या. कान्होजी मोगलांकडे किंवा निजामाकडे गेले नाहीत. चंद्रसेन जाधवाशी तुलना केली की हा फरक लगेच दिसतो. पण ताराबाईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या पडत्या काळात त्यांचा सर्वांत समर्थ सरदार निघून गेला, हेही तितकंच खरं आहे. त्यांच्या पक्षाला तो घाव मोठा होता.

सात वर्षांनी तहाची परीक्षा

हा निर्णय बरोबर होता की चूक, याचं उत्तर 1721 मध्ये मिळालं.

डिसेंबर 1715 मध्ये चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर झाले. कान्होजींना संपवायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला. मुंबईभोवती तटबंदी पुरी केली, नवी जहाजं बांधली. 1717 मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. 1718 मध्ये खांदेरीवर केला, तोही फसला. 1720 मध्ये तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा विजयदुर्गावर गेले आणि पुन्हा हात हलवत परतले.

शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडहून कमोडोर थॉमस मॅथ्यूज राजाच्या लढाऊ जहाजांसह आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय स्वतः सैन्य घेऊन आला. डिसेंबर 1721 मध्ये ही संयुक्त फौज चौलला जमून कुलाब्यावर चालून गेली. समुद्रातून तोफा आणि जमिनीवरून हजारोंचं पायदळ. कान्होजींना ज्या पेचाची भीती असायला हवी होती, तोच हा पेच.

पण आता त्यांच्या पाठीमागे शाहूंचा देश होता. बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये वारले होते आणि त्यांचे पुत्र बाजीराव पेशवे झाले होते. साताऱ्याहून मदत निघाली. पिलाजी जाधवांचं घोडदळ घाट उतरून कोकणात आलं, मागून बाजीरावही आले. कुलाब्याच्या तटावर चढण्याचा इंग्रजांचा प्रयत्न फसला. त्याच वेळी मराठी घोडेस्वार पोर्तुगीजांच्या बाजूवर तुटून पडले आणि त्यांची फळी मोडली. ती पाहून बाकीची फौजही मागे फिरली. हरल्यावर दोस्तांमध्येच भांडण लागलं. जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला.

समुद्रावरच्या किल्ल्याला देशावरच्या घोड्यांनी वाचवलं. 1714 च्या तहाशिवाय हे शक्य नव्हतं. 1713 मध्ये जे घोडदळ कान्होजींवर पाठवलं गेलं होतं, तेच आता त्यांच्या मदतीला आलं होतं.

1724 मध्ये डच विजयदुर्गावर आले. त्यांनाही हात हलवत जावं लागलं.

अखेरची वर्षं

उतारवयात कान्होजींनी कुलाब्याच्या समोरचं अलिबाग वाढवलं. तिथे हिराकोट बांधला. त्यांच्या नावाशी जोडलेला अलिबागी रुपया या भागात चालत असे. शाहूंशी झालेला करार त्यांनी अखेरपर्यंत पाळला. जुलै 1729 मध्ये ते वारले. अलिबाग शहरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही महत्त्वाचा जलदुर्ग युरोपीयांना घेता आला नाही.

त्यांच्यानंतर मोठे पुत्र सेखोजी सरखेल झाले. तेही 1733 मध्ये वारले आणि मग आंग्र्यांच्या घरातच यादवी सुरू झाली. संभाजी आणि मानाजी या दोन भावांमध्ये वाद पेटला. 1735 मध्ये पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मिळाला. संभाजींना सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेलपद मिळालं. कान्होजींनी एका हाताखाली ठेवलेलं आरमार दोन जागी विभागलं गेलं.

संभाजींनंतर तुळाजी आंग्रे विजयदुर्गावर आले. त्यांनी पेशव्यांना जुमानलं नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

1714 मध्ये एका पेशव्याने आरमाराला बोलणी करून आपलंसं केलं होतं. त्याच्याच नातवाने बेचाळीस वर्षांनी तेच आरमार परक्यांच्या हातून बुडवलं. तुळाजींचाही यात दोष होता. पण नुकसान सगळ्या राज्याचं झालं. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं मोठं मराठी आरमार उभं राहिलं नाही.

आज मुंबईतल्या भारतीय नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. 1951 मध्ये हे नाव देण्यात आलं. खांदेरी बेटालाही कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. एकेकाळी याच मुंबईच्या गव्हर्नरांची झोप कान्होजींनी उडवली होती.

कान्होजींच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. आरमार कितीही बळकट असलं तरी ते एकटं राहू शकत नाही. त्याला मागे देश लागतो, आणि देशालाही पुढे आरमार लागतं. वळवणला बसलेल्या दोन माणसांना हे कळलं होतं. म्हणून वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंतचा किनारा आणि भीमा-कृष्णेची खोरी ही एकाच राज्याची दोन अंगं झाली, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं ती एकमेकांना सांभाळून राहिली.